वायफायला वायर हवी

‘हॉलमध्ये फुल, बेडरूममध्ये गुल’ ही घरगुती नेटवर्कच्या कामात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. तिचं दुसरं रूप आणखी चक्रावणारं असतं: ‘रेंज फुल दिसते, पण नेट चालत नाही.’ तक्रार आपल्यापर्यंत येते तोवर माणसानं बहुधा स्वतःच्या हिमतीवर बरंच काही करून झालेलं असतं. आधी १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केलेला असतो. त्यानं भागलं नाही म्हणून सहा अँटेनांचा राउटर आणलेला असतो. तरी शेवटच्या खोलीत व्हिडिओ अडकतोच, म्हणून प्लगमध्ये खोचायचा एक रिपीटरही मागवलेला असतो. पैसे जातात आणि तक्रार जागची हलत नाही, कारण औषध पेटीला चाललेलं असतं आणि दुखणं भिंतीत असतं. या कामात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे: घरातलं वायफाय सुधारायचं असेल तर पहिला खर्च वायरवर करावा, राउटरचं नंतर बघावं. बिनतारी जाळ्यासाठी तार ओढा, हा सल्ला उफराटा वाटतो आणि गिऱ्हाईक तिथंच अडतं. म्हणून त्यामागची कारणं मोजमापासकट मांडायला हवीत. आक्षेपांनाही उत्तर द्यायला हवं, कारण त्यातले काही अगदी रास्त आहेत.

‘नेट स्लो आहे’ या तक्रारीत दोन निराळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. एक, बाहेरून घरापर्यंत येणारी लाइन. दुसरी, घरात आल्यावर तिचं होणारं वाटप. या दोन्ही वेगळ्या केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. त्यासाठी फार साधनं लागत नाहीत. लॅपटॉप एका चांगल्या, आखूड केबलनं थेट फायबरच्या पेटीला जोडायचा आणि स्पीड टेस्ट करायची. मग केबल काढून त्याच जागी वायफायवर तीच टेस्ट, आणि शेवटी जिथं त्रास आहे त्या खोलीत. हे सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करायचं. रात्री केबलवरच आकडा कोसळत असेल तर दोष लाइनचा आहे. घरात काहीही बसवलं तरी तो जाणार नाही. घराघरात येणाऱ्या फायबरचं जे प्रचलित तंत्र आहे, त्यात एका धाग्यावरचा सुमारे २.५ जीबीपीएसचा वेग अनेक घरांत वाटला जातो, त्यामुळे गर्दीच्या वेळी तिथं कोंडी होऊ शकते. पण बहुतेक घरांत चित्र उलटं निघतं. केबलवर ३०० पूर्ण मिळतात, पेटीच्या शेजारी वायफायवर अडीचशे-तीनशे, आणि दोन भिंतींपलीकडे वीस. म्हणजे २८० एमबीपीएस घराच्या आतच हरवले. अशा घरात प्लॅन ५०० चा केला तरी शेवटच्या खोलीत वीसच येणार, कारण तो वीसचा आकडा प्लॅननं नव्हे, मधल्या भिंतींनी ठरवलेला आहे.

वेगाच्या जोडीनं आणखी एक आकडा पाहावा लागतो आणि तो सहसा कुणी पाहत नाही. लॅपटॉपवरून राउटरच्याच पत्त्यावर, म्हणजे बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर, पिंग लावून दोन मिनिटं नुसतं बघत राहावं. केबलवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येतं आणि तसंच येत राहतं. पेटीजवळ वायफायवर दोन-पाच मिलिसेकंद लागतात. दूरच्या खोलीत मात्र ओळी अशा येतात: ४, ७, २१०, ५, ३४०, मग एखादी ओळ येतच नाही. ही माहिती अजून घराबाहेरही गेलेली नाही, हे लक्षात घ्यावं. मीटिंगमध्ये आवाज तुटतो, चेहरा गोठतो, त्याचं मूळ या ओळींमध्ये असतं. व्हिडिओ कॉलला मोजके एमबीपीएस पुरतात. त्याला हवा असतो एकसारखा पुरवठा. २०२० च्या टाळेबंदीत शाळा आणि कचेरी दोन्ही घरात आल्या तेव्हा लोकांनी प्लॅन वाढवले आणि कॉल तरी तुटतच राहिले, त्याचा उलगडा इथं होतो. लोकांनी वेग विकत घेतला, पण त्यांना गरज सातत्याची होती.

आता भिंतीकडे येऊ. रेडिओलहरींची घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घटले म्हणजे शक्ती निम्मी, १० घटले म्हणजे एक दशांश, २० घटले म्हणजे शंभरावा हिस्सा. साध्या चार इंची वीटभिंतीत काही डेसिबल जातात. सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंतीत १० ते २० सहज जातात, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचं नुकसान २.४ पेक्षा जास्त होतं. लहर भिंतीला काटकोनात न भिडता तिरकी गेली तर तिला जास्त जाडी ओलांडावी लागते. म्हणून हॉलच्या कोपऱ्यातून समोरच्या बेडरूममध्ये जे पोचतं ते तिरक्या बेडरूममध्ये पोचत नाही. त्यात मध्ये लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा टाइल्सची बाथरूम आली की उरलंसुरलंही जातं. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींत खांब-तुळया काँक्रीटच्या आणि मधल्या भिंती विटांच्या असतात. गेल्या काही वर्षांतले बरेच टॉवर मात्र मायवान पद्धतीनं बांधले जातात. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. काम झपाट्यानं होतं, भिंती सरळ येतात, प्लास्टर वाचतं. पण राहणाऱ्याच्या दृष्टीनं जवळजवळ प्रत्येक खोली ही सळ्यांची पेटी होते. ‘जुन्या घरात हाच राउटर घरभर चालायचा, नव्या घरात चालत नाही’ हे गाऱ्हाणं अशा इमारतींतून आलं की राउटरला दोष देण्यात अर्थ नसतो.

भिंतीचा हा त्रास पेटीच्या जागेमुळे दुणावतो. फायबर घेऊन येणाऱ्या माणसाला दिवसाला बरीच कनेक्शनं उरकायची असतात. डक्टमधून वायर जिथं सहज आत येते तिथं, म्हणजे दारामागे, चपलांच्या कपाटावर, टीव्हीच्या युनिटमागे किंवा थेट विजेच्या डीबीच्या खणात, तो पेटी ठोकून मोकळा होतो. त्याच्या कामाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, कारण त्याची जबाबदारी दारापर्यंतची. पण दार घराच्या एका टोकाला असतं आणि लोक झोपायला, अभ्यासाला, कामाला दुसऱ्या टोकाला जातात. पेटी घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्या जागी यावी हे सगळ्यांना पटतं. तिथवर पोचायचं कसं, हा प्रश्न निघाला की उत्तर एकच मिळतं, आणि ते वायरचंच असतं. फुकटच्या उपायांची, म्हणजे पेटी कपाटाबाहेर काढणं, टीव्हीमागून हलवणं, अँटेना सरळ उभ्या करणं यांची, मजल याच्या अलीकडेच संपते. ते जरूर करावेत. पण सळ्यांच्या दोन भिंती त्यांनी ओलांडता येत नाहीत.

‘मग ताकदवान राउटर आणू’ हा पहिला आक्षेप. राउटरची ताकद वाढवण्याला दोन मर्यादा आहेत. एक कायद्याची: वायफायच्या लहरींचे पट्टे परवान्याशिवाय सगळ्यांना वापरायला मिळतात ते ठरावीक शक्तीच्या आत राहण्याच्या अटीवर. दुसरी मर्यादा जास्त निर्णायक आहे. वायफायचं संभाषण दुतर्फी असतं. राउटरनं पाठवलेल्या प्रत्येक गठ्ठ्याची पोच फोनला परत द्यावी लागते. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, फोन छोट्याशा बॅटरीवर. फोनची प्रक्षेपणाची शक्ती राउटरपेक्षा कमी असते आणि अँटेना बोटभर. राउटरचा आवाज शेवटच्या खोलीत पोचतो, फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोचत नाही. फोनवरच्या दांड्या फक्त राउटरचा आवाज किती ऐकू येतो तेवढंच दाखवतात. हवेत गर्दी किती आहे आणि फोनचं म्हणणं पलीकडे पोचतंय की नाही, याचा त्यांत पत्ता नसतो. ‘रेंज फुल, नेट बंद’ हे कोडं बऱ्याचदा इथंच सुटतं. जोडीला एक कारण आणखी असतं: दूर गेल्यावर फोन गुपचूप २.४ गिगाहर्ट्झवर उतरतो. हा पट्टा भिंती बऱ्यापैकी ओलांडतो म्हणून दांड्या भरलेल्या दिसतात. पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या सोसायटीत यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांची पंचवीस-तीस नावं दिसतात आणि ती सगळी त्या तिघांत दाटीवाटीनं बसलेली असतात.

गर्दीचा हा मुद्दा नीट समजला की वायरची बाजू आपोआप मजबूत होते. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. सभेत माईक एकच असावा आणि ज्याच्या हातात तो असेल त्यानंच बोलावं, तसं हे आहे. माईक कोणाकडे किती वेळ राहतो, यावर सभेचं काम किती उरकेल ते ठरतं. राउटरजवळचा लॅपटॉप ६०० च्या वेगानं आपला गठ्ठा चुटकीसरशी संपवतो. तेवढाच गठ्ठा दूरच्या खोलीतला टीव्ही ६ च्या वेगानं पाठवतो तेव्हा तो शंभरपट वेळ माईक धरून बसतो, आणि तेवढा वेळ लॅपटॉपही गप्प. म्हणून घरातलं सगळ्यात दूरचं, सगळ्यात कमकुवत यंत्र स्वतःपुरतंच रखडत नाही, ते सगळ्या घराला रखडवतं. याचाच दुसरा अर्थ असा की टीव्ही, डेस्कटॉप, गेमचा कन्सोल, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, अशी जागची न हलणारी यंत्रं वायरवर घातली की ती स्वतः सुधारतात आणि शिवाय हवा मोकळी करतात. ज्या फोनला आपण हातही लावला नाही, त्याचं वायफाय सुधारतं. माझ्या मते वायरच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि नेमका तोच लोकांच्या लक्षात येत नाही. कारण टीव्हीला वायर लावल्यानं फोन कसा सुधारेल, असं सहज वाटतं.

या तंत्राचा इतिहासही हेच सांगतो. इथरनेटची, म्हणजे वायरीच्या नेटवर्कची, कल्पना मुळात हवेतूनच आली. हवाई विद्यापीठानं १९७१ मध्ये बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडणारं अलोहानेट सुरू केलं. त्यात सगळे एकाच लहरीवर बोलत, बोलणी एकमेकांवर आदळत, आणि आदळली की थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करत. रॉबर्ट मेटकाफ यांनी त्याचा अभ्यास करून तीच युक्ती केबलवर आणली. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतलं त्यांचं टिपण २२ मे १९७३ चं आहे. सुरुवातीचं इथरनेटही असंच सगळ्यांच्या एकाच केबलवर चाले आणि गर्दी झाली की मंदावे. त्यावर खरा तोडगा निघाला तो स्विचचा. विनोद भारद्वाज हे जिच्या संस्थापकांपैकी एक, त्या कॅलिफोर्नियातल्या ‘कल्पना’ या छोट्या कंपनीनं १९९० मध्ये पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. १९९४ मध्ये सिस्कोनं ती कंपनीच विकत घेतली. स्विचमुळे प्रत्येक यंत्राला स्वतःचा स्वतंत्र रस्ता मिळाला, पुढे एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं दोन्ही जमू लागलं, आणि टकरीचा प्रश्न वायरीपुरता संपला. हवेत हे करता येत नाही, कारण हवा सगळ्यांची एकच आहे. तुमची आणि शेजाऱ्याचीही. म्हणून वायफायला आजही आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते.

आता दुसरा आक्षेप: ‘वायर कशाला? मेश बसवा, काम झालं.’ हा आक्षेप हलका नाही. मेश म्हणजे एकाच नावानं चालणारे, एकमेकांशी बोलणारे दोन-तीन ठोकळे, आणि साध्या रिपीटरपेक्षा ते नक्कीच सरस असतात. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. चांगल्या मेशमध्ये ठोकळ्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो. विटांच्या भिंतींच्या दोन बीएचकेमध्ये, ठोकळे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवता येत असतील तर असा मेश झकास चालतो आणि तिथं मी वायरचा आग्रह धरणार नाही. पण नियम साधा आहे: दुसऱ्या ठोकळ्यापर्यंत जेवढं पोचेल तेवढंच तो पुढे देणार. जिथं सिग्नल पोचत नाही त्याच खोलीत ठोकळा ठेवला, तर तो मिळणाऱ्या वीस एमबीपीएसना फुल दांड्यांचा साज चढवून देतो, एवढंच. तो अलीकडे ठेवावा तर मधली भिंत पुन्हा उरतेच. तोच मेश वायरनं जोडला की सगळं पालटतं. प्रत्येक ठोकळ्याला पूर्ण वेग मिळतो, त्यांचं आपसातलं बोलणं हवेतून उतरून वायरीवर जातं आणि हवा पुन्हा मोकळी होते. मेश बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या मागच्या बाजूला केबलचे पोर्ट देतात ते यासाठीच. तेव्हा मेश की वायर, अशी निवड करायची वेळ क्वचितच येते. वायर ओढलेली असली की त्या टोकाला महागडा मेशच लागतो असंही नाही. कपाटात पडलेला जुना राउटरही अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीच्या टोकाला नुसतं वायफाय देणारी पेटी, म्हणून लावता येतो. केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घालायची, त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणं, बंद करायचं, त्याचा पत्ता मुख्य राउटरशी भांडणार नाही असा द्यायचा, नाव-पासवर्ड तेच ठेवायचं, चॅनल वेगळं निवडायचं आणि २.४ ची शक्ती थोडी उतरवायची, म्हणजे फोन लांबच्या राउटरला चिकटून बसत नाही.

वायर ओढली की काम झालं, असं मात्र समजू नये. वाईट वायर ही वायर नसण्यापेक्षा जास्त फसवी, कारण ती चालते. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एक तार जरी जॅकमध्ये नीट बसली नसली तरी दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर तडजोड करतात. लाल दिवा नाही, सूचना नाही. ओळखायची खूण स्पीड टेस्टमध्ये सापडते. ३०० च्या प्लॅनवर आकडा दर वेळी ९४ च्या आसपास येऊन थांबत असेल तर लाइनची तक्रार नोंदवू नये, जॅक तपासावा. १०० च्या जोडणीत नेटवर्कचा स्वतःचा खर्च वजा जाता हातात पडतात ते साधारण ९४ च, आणि गिगाबिटवर ९४०. काही वेळा दोष पोर्टचाच असतो. काही स्वस्त पेट्यांना एकच पोर्ट गिगाबिट आणि बाकीचे १०० चे असतात.

याहून छुपा दोष रंगांच्या क्रमाचा. रूढ क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यात हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसते, म्हणजे तिसरी आणि सहावी तार एकाच जोडीची होते. घाईत काम करणारा माणूस ओळीनं जोड्या लावत जातो: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमानं लागतात आणि काम पास होतं. टेस्टर फक्त तार जोडली आहे की नाही हे पाहतो. कोणती तार कोणत्या तारेशी पिळलेली आहे हे त्याला कळत नाही. इथं तिसऱ्या-सहाव्या जागेचा सिग्नल अर्धा हिरव्या जोडीतून आणि अर्धा निळ्या जोडीतून धावतो, पीळ निरुपयोगी ठरतो, एकीचा आवाज दुसरीत मिसळतो. दोन मीटरवर कदाचित निभावेल. वीस मीटरवर वेग घसरतो किंवा जोडणी मध्येच तुटते. म्हणून क्रम पाळायचा आणि जॅकजवळ पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. वायरीच्या मालाचंही तसंच. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर ‘कॅट ६’ म्हणून सर्रास मिळते. ब्लेडनं तार खरवडली की आतून पांढरी चमकते. ती जॅकमध्ये मोडते, तिचा रोध जास्त असतो, आणि तिच्यातून अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज द्यायची म्हटली तर तापते. शुद्ध तांब्याची वायर महाग पडते हे खरं, पण दोन-तीन बीएचकेला लागणारी लांबी फार नसते, आणि त्या फरकात केलेली बचत भिंतीत गाडल्यावर परत काढता येत नाही.

तिसरा आक्षेप भविष्याचा: ‘नवीन वायफाय येतंय, वायर कालबाह्य होईल.’ वायफाय ६ मध्ये एकच चॅनल अनेक यंत्रांत वाटायची सोय आली, वायफाय ७ चं प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं; आणि भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा जास्तीचा पट्टा परवानामुक्त झाल्यानं गर्दी खरोखर विरळ झाली. ही सुधारणा मी नाकारत नाही. पण वेगवान वायफाय जितक्या उंच लहरींकडे जातं तितकी भिंत त्याला जास्त अडवते. म्हणजे वेग वाढतो तसा एका पेटीचा पल्ला आखडतो, आणि पेट्या जास्त लागतात. त्या पेट्या एकमेकींना जोडणार कशानं? नव्या राउटरच्या मागे अडीच जीबीपीएसचे पोर्ट आले आहेत ते याचंच उत्तर आहे. उलट वायरचं आयुष्य पाहा. १९९९ मध्ये गिगाबिटचं मानक ठरलं ते पिळाच्या याच चार जोड्यांसाठी, आणि २०१६ मध्ये अडीच जीबीपीएसचं मानक आलं तेव्हा तीच जुनी कॅट ५ई त्यालाही चालेल, अशी सोय मुद्दाम ठेवली गेली. तेवढ्या काळात वायफायच्या किती पिढ्या होऊन गेल्या आणि किती राउटर भंगारात गेले, याचा हिशेब प्रत्येक घरानं आपापला करावा. ‘घरातल्या विजेच्या वायरीवरूनच नेट पाठवणारे ॲडॉप्टर लावू’ हा याच आक्षेपाचा धाकटा भाऊ. ते काही घरांत चालतात. पण आपल्याकडे मोठ्या फ्लॅटला थ्री फेज असते, इन्व्हर्टरचं सर्किट वेगळं काढलेलं असतं, आणि दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर निघाल्या की वेग घसरतो. बसवून पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही, असा तो उपाय.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: राहत्या घरात भिंती कोण फोडणार, आणि भाड्याच्या घरात तर हातही लावता येत नाही. मायवानच्या काँक्रीट भिंतीला झिरी मारू नये हेही खरं. म्हणजे जिथं वायरची गरज सगळ्यात जास्त, तिथंच ती मागाहून टाकणं सगळ्यात कठीण. पण यातून वाटा निघतात. बिल्डरनं टीव्ही आणि टेलिफोनसाठी टाकलेले पाइप बहुतेक फ्लॅटमध्ये असतात आणि लॅंडलाइन गेल्यापासून ते नुसते पडून आहेत. त्यातली जुनी टेलिफोनची तार ओढताना तिच्या शेपटीला नवी कॅट ६ बांधता येते. ती अडकली तर स्प्रिंग घालून वाट काढता येते. विजेच्या पाइपात मात्र ती कधीही घालू नये. २३० व्होल्टच्या शेजारी तिला ठेवणं धोक्याचं आहे. पाइपच नसेल तर स्कर्टिंगच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून केसिंगची पांढरी पट्टी नेता येते. ती दिसते, पण भिंतीच्याच रंगात रंगवली की आठवडाभरात नजर तिला सरावते. भाडेकरूला चपटी केबल पुरते आणि घर सोडताना ती गुंडाळून नेता येते. शिवाय प्रत्येक खोलीत वायर न्यावी असं म्हणणं नाही. पेटीपासून घराच्या दुसऱ्या टोकाच्या पॅसेजपर्यंत एक आणि टीव्हीपर्यंत एक, एवढ्या दोन वायरींत बहुतेक फ्लॅटचं काम भागतं. पॅसेजच्या छताला अ‍ॅक्सेस पॉइंट लावला आणि त्याला वीजही त्याच केबलमधून दिली, तर तिथं प्लग लागत नाही. लोडशेडिंग असलेल्या गावांत याचा मोठा फायदा होतो. पेटी आणि वीज पुरवणारा स्विच हे दोन्ही एकाच जागी इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर ठेवले की वीज गेली तरी सगळं घर चालू राहतं. खोल्याखोल्यांत प्लगला लावलेले मेशचे ठोकळे मात्र विजेबरोबरच डोळे मिटतात.

खरी वेळ आहे ती घर बांधताना किंवा रंगकाम-फर्निचर काढताना. इलेक्ट्रिशियन एसीचा पॉइंट, गिझरचा पॉइंट, बेडजवळचा टू-वे स्विच विचारतो; नेटवर्कच्या वायरीचं तो विचारत नाही, कारण मालकानं कधी मागितलेलं नसतं. त्या दिवशी फक्त एवढं सांगावं की हॉलमध्ये जिथं फायबर येईल तिथून प्रत्येक खोलीच्या एका भिंतीपर्यंत आणि पॅसेजच्या छतापर्यंत विजेपासून वेगळा, २५ मिलिमीटरचा रिकामा पाइप टाक, बेंड कमी ठेव आणि आत ओढायची दोरी सोडून दे. वायर त्या दिवशी नसली तरी चालेल. पाइप असला की उद्या तांबं घाला, परवा फायबर घाला. भूखंडावर स्वतः बंगला बांधणाऱ्याला हे आणखी लागू आहे, कारण वरच्या मजल्याचा स्लॅब हीसुद्धा सळ्यांची आडवी भिंतच असते. इमारतीच्या पातळीवरही हा विचार आता सुरू झाला आहे. दूरसंचार नियामक ट्रायनं ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम काढले. घर घेणारा कार्पेट एरिया आणि पार्किंग विचारतो, तसं डक्ट आणि पाइप विचारू लागला तर बिल्डर ते देतील. कारण ओतकामाच्या आधी पाइप टाकायला जवळजवळ काही लागत नाही आणि नंतर तो कितीही पैसे दिले तरी बसत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी मोजमाप, त्याला पैसे पडत नाहीत. मग पेटीची जागा सुधारणं. मग चांगल्या तांब्याच्या एक-दोन वायरी, नीट लावलेल्या जॅकांसह. त्यानंतर त्या वायरीच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट, जुना किंवा नवा. राउटर बदलणं त्याच्या पुढचं, आणि मोठा प्लॅन सगळ्यात शेवटी, तोही केबलवरचा आकडा खरोखर अपुरा पडत असेल तरच. या क्रमानं गेलेल्या घराला पाचव्या-सहाव्या पायरीपर्यंत जाण्याची गरज सहसा पडत नाही. वायरनं सगळं सुटतं असा दावा नाही. रात्री लाइनच कोंडली, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, तर घरातली वायर काही करू शकणार नाही. पण तेव्हाही तिचा एक उपयोग होतो. कॉल सेंटरवरचा माणूस ‘सर, राउटर बंद करून चालू करा, वायफायचा प्रॉब्लेम असेल’ असं म्हणतो तेव्हा केबलवरचा आकडा त्याच्यापुढे ठेवता येतो, आणि वायफायवर ढकलून तक्रार बंद करणं त्याला जमत नाही. दोष घरातला की बाहेरचा, हे निदान एकदा स्वच्छ ठरतं. निम्मा वेळ आणि निम्मे पैसे वाचतात ते तिथंच.